उजेड कमी, पण झाडं खरीच हवीत : फिश टँकवरचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले होते की महागडा लाइट नसला तरी टँकमध्ये खरी झाडं मस्त जगतात, प्लास्टिकची लावायची काही गरज नाही. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी दुसरा विषयच घेतला नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न जशाच्या तसा दिसला नाही तर उत्तर कुठेतरी मध्ये सापडेल.

ताई, माझा २ फुटी टँक आहे, झाकणातच एलईडी बसवून आलेला. दुकानदार म्हणतो यात झाडं जगणार नाहीत, जास्त वॉटचा लाइट घ्या. माझा लाइट नक्की किती कमी आहे हे कसं कळणार?

आधी वॉट विसरा. लिटरला अमुक वॉट हा हिशोब ट्यूबच्या काळातला आहे, एलईडी कमी वॉटमध्ये बराच जास्त उजेड देतो त्यामुळे तो आकडा आता काही सांगत नाही. लाइटच्या खोक्यावर किंवा पट्टीवर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेलं असतं ते बघा आणि टँकच्या लिटरने भागा. साधारण १० ते २० लुमेन लिटरमागे आले तर तो लो लाइट, २० ते ४० मध्यम, त्याच्या वर गेलं की जास्त. तुमचा टँक ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटर असेल तर वाळू दगड वजा जाता ५५ लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे साडेपाचशे ते अकराशे लुमेनचा लाइट असला तरी लो लाइटवाली झाडं आरामात लागतील. हा अंदाज आहे हं, मोजमाप नाही. ज्यांच्याकडे पार मीटर, म्हणजे झाडांच्या कामाचा उजेड मोजणारं यंत्र, आहे त्यांनी वाळूजवळ १५ ते ३० च्या मध्ये रीडिंग येतंय का बघावं, पण एका टँकसाठी मीटर विकत घेऊ नका उगाच.

यात टँकची उंची सगळ्यात जास्त विसरली जाते. तोच लाइट ३० सेंटीमीटर उंचीच्या टँकमध्ये ठीक वाटतो आणि ५० सेंटीमीटरच्या टँकच्या तळाशी अर्धाही पोचत नाही. वर झाकणाच्या काचेवर पांढरे क्षार बसलेले असतील, लाकूड टाकून पाणी चहासारखं झालं असेल, पाण्यावर डकवीड हे बारीक पानांचं तरंगतं झाड पसरलेलं असेल, तर आणखी कमी. नवा लाइट घ्यायच्या आधी काच पुसा. हे मी गंमत म्हणून नाही सांगत, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर होतं.

रंगाचं म्हणाल तर ५००० ते ७००० केल्विनचा पांढरा लाइट चालतो, त्यात झाडं आणि मासे डोळ्यालाही बरे दिसतात. नुसता निळा मूनलाइट झाडांच्या हिशोबात धरू नका.

उजेड कमी आहे म्हणून मी लाइट १२-१४ तास चालू ठेवतो, तरी झाडं बारीक होत चाललीत आणि काच हिरवी होतेय. अजून वाढवू का तास?

नको. कमी करा, ७ तासांवर आणा.

झाड उजेडात कमावतं आणि श्वसनात खर्च करतं. खर्च २४ तास चालू असतो, कमाई फक्त लाइट असताना. आता एखाद्या झाडाला उजेड इतका मंद मिळतोय की त्या तासाचा त्याचा स्वतःचा खर्चही निघत नाही, तर तास कितीही वाढवले तरी तोटा काही भरून निघणार नाही ना. मग ते खालची पानं गाळून वरचं टोक जगवतं, खोड लांब आणि लुकडं होतं, दोन पानांतलं अंतर वाढत जातं. तुम्ही म्हणताय ना बारीक होत चाललीत, ते हेच. याउलट शेवाळाचा खर्च नगण्य, त्याला तेवढ्या मंद उजेडातही फायदा होतो आणि ते जास्तीचे ५-६ तास सगळे त्याच्या खात्यात जमा होतात.

म्हणून लो लाइटमध्ये तास वाढवण्यापेक्षा कमी खर्चाची झाडं निवडायची. हळू वाढणारी, जाड पानांची, सावलीत जगायची सवय असलेली. नवीन टँक असेल तर ६ तासांपासून सुरू करा, महिन्याभरात सगळं स्थिर दिसलं की ८ वर न्या, आणि एक टायमर लावून टाका कारण हाताने चालू-बंद केलं की एक दिवस ५ तास होतात आणि एक दिवस १३.

मग नावं सांगा ना ताई सरळ. पहिल्यांदाच झाडं लावतेय, मरणार नाहीत अशी.

मरणार नाहीत अशी गॅरंटी नाही देत, पण मारायला कष्ट पडतील अशी आहेत.

पहिलं अनुबियस, त्यातही नाना हा बुटका प्रकार. आफ्रिकेतलं झाड, ओढ्याकाठी झाडांच्या सावलीत दगड-मुळांना धरून वाढणारं. पानं जाड चामड्यासारखी, बहुतेक मासे तोंड लावत नाहीत. दुसरं जावा फर्न, तेही तसंच दगड-लाकडाला चिकटणारं, आशियातलं. या दोघांना वाळू लागतच नाही, त्यामुळे ज्यांच्या टँकच्या तळाला नुसते गोटे आहेत किंवा काहीच नाही त्यांनी डोळे मिटून हीच घ्यावीत. त्याच पठडीतलं बुसेफॅलँड्रा, बोर्निओतलं, दिसायला फार सुंदर, पानांवर निळसर झाक येते, पण वाढ इतकी हळू की घेताना मोठा तुकडाच घ्या नाहीतर वर्षभर तेवढंच बघत बसाल.

वाळू असेल तर क्रिप्टोकोरीन, थोडक्यात क्रिप्ट. त्यातली वेंडटी ही जात सगळ्यात सोशिक, मूळची श्रीलंकेतली, हिरवी मिळते, तपकिरी मिळते, आणि मला विचाराल तर कमी उजेडाच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त शोभा हीच आणते कारण ती झुडपासारखी भरते. हिला मुळांतून खायला लागतं, त्यामुळे वाळूचा थर ५-६ सेंटीमीटर ठेवा आणि मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खुपसा, दोन-तीन महिन्यांनी परत एक.

मॉसमध्ये जावा मॉस. कशालाही बांधा, कसंही वाढतं, पिल्लांना आणि कोळंबीला लपायला जागा होते. एकच त्रास, त्यात कचरा अडकतो, तो साफ केला नाही तर आतून तपकिरी पडतं, म्हणून पाणी बदलताना हाताने जरा झटकत जा.

मागच्या बाजूला उंच काहीतरी हवं असेल तर व्हॅलिसनेरिया. हे खरं तर लो आणि मध्यमच्या सीमेवरचं आहे, पण उंच वाढून स्वतःच उजेडाजवळ पोचतं त्यामुळे निभावतं, जड पाणीही चालतं. आणि हॉर्नवर्ट, ज्याला धड मुळंच नसतात, नुसतं तरंगत ठेवायचं. वर तरंगतं म्हणजे लाइटच्या अगदी जवळ, म्हणून लाइट कमी आहे की जास्त याचं त्याला काही पडलेलं नसतं. नवीन टँकमध्ये पहिले दोन-तीन महिने हे असावंच असं माझं मत आहे, पाण्यातला अमोनिया-नायट्रेट भराभर खातं. नंतर हळू झाडं रुळली की काढून टाका. सुया गळतात त्याच्या, फिल्टरमध्ये जातात, तेव्हा तुम्ही मला शिव्या द्याल.

पहिल्यांदाच लावताय तर यातली दोन-तीनच निवडा आणि प्रत्येकाची जास्त घ्या. दहा प्रकारांचा एकेक काडी असा टँक कधीच भरलेला दिसत नाही.

अनुबियस वाळूत छान खोचून लावलं होतं, आता पानं देठापासून सुटून वर तरंगतायत आणि बुडाला वास येतोय. पाणी खराब आहे का?

पाणी ठीक असेल. रायझोम गाडला गेलाय. अनुबियस आणि जावा फर्नचं ते आडवं जाड खोड असतं ना ज्यातून वर पानं आणि खाली मुळं निघतात, ते उघड्यावरच राहिलं पाहिजे. मुळं वाळूत गेली तर चालतील, खोड गेलं की कुजतं. आता ते बाहेर काढा, बोटाने दाबून बघा, मऊ आणि घाण वासाचा भाग धारदार ब्लेडने कापून टाका, कडक हिरवा भाग लागेपर्यंत कापत जा. दोन-तीन पानांचा कडक तुकडा उरला तरी पुरे, तो फुटतो. मग दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधा, दोरा कालांतराने कुजतो तोपर्यंत मुळं धरलेली असतात. सुपर ग्लूची जेल पण चालते, सायनोअ‍ॅक्रिलेट लिहिलेली, थेंबभर लावायची आणि पाण्यात सोडायची. पाण्यात ती पांढरी दिसते, मुळं वाढली की झाकलं जातं.

जावा फर्नच्या पानांखाली काळे ठिपके ओळीने आलेत. रोग आहे का, पानं कापू?

अहो कापू नका. पानाच्या मागे ओळीत, उंचवटे असलेले ठिपके म्हणजे त्याचे बीजाणू धरण्याची जागा, सगळ्याच फर्नना असते. पानांच्या टोकाला छोटी छोटी रोपं मुळांसकट लटकताना दिसली तर तीही त्याचीच पिल्लं, बोटाएवढी झाली की खुडून दुसऱ्या दगडाला बांधा. फुकटात झाडं.

क्रिप्ट आणून आठवडा नाही झाला, सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. आता नुसती मुळं आहेत. फेकून देऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, आणि बऱ्याच जणांनी फेकून दिल्यावर विचारलाय.

फेकू नका, उपटू नका, जागाही बदलू नका. क्रिप्टला बदल सोसत नाही, पाणी बदललं, तापमान बदललं, लाइट बदलला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लावली, कशानेही ती पानं टाकते. याला क्रिप्ट मेल्ट म्हणतात. त्यात भर म्हणजे नर्सरीत बहुतेक टँकची झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो आणि शेवाळ येत नाही. ती हवेतली पानं पाण्याखाली गेली की निकामी होतात आणि झाडाला पाण्याची वेगळी पानं काढावी लागतात, बऱ्याचदा ती जास्त लांबट आणि पातळ असतात. म्हणजे तुमची पानं गेली तरी झाड गेलेलं नाहीये, मुळं आणि मधला गड्डा कडक असेल तर तीन-चार आठवड्यांत नवीन टोकं दिसतील. तोवर विरघळलेली पानं काढत राहा, नाहीतर ती सडून पाण्यात अमोनिया वाढतो.

एक युक्ती सांगते. आणल्यावर लावायच्या आधीच मोठी पानं अर्ध्याहून जास्त छाटून टाका. दिसायला वाईट दिसतं पण ती पानं तशीही जाणार असतात.

ताई मी आठवीत आहे. मला लाल झाडं आणि समोर हिरवळीसारखं कार्पेट करायचंय, व्हिडिओत दाखवतात तसं. लाइट झाकणातलाच आहे. होईल का?

त्या व्हिडिओतल्यासारखं नाही होणार, आणि हे आधीच कळलेलं बरं. तिथे लाइट जबरदस्त असतो आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, जे कुणी व्हिडिओत नीट सांगत नाही. पानातला लाल रंग बऱ्याचदा जोरदार उजेडात बनतो, उजेड कमी झाला की तीच लाल झाडं हिरवट-तपकिरी होतात आणि मग खालून गळायला लागतात. तुला गडद रंगच हवा असेल तर तपकिरी क्रिप्ट वेंडटी घे, हिरव्या जावा फर्नच्या शेजारी लाव, बघ कशी उठून दिसते.

कार्पेटच्या जागी दोन गोष्टी करता येतील. स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीच्या तुकड्यावर जावा मॉस पसरून वरून दुसरी जाळी बांध आणि ते तळाला ठेव, एक-दोन महिन्यांत गालिचा होतो, अधूनमधून कात्रीने कापायचा. नाहीतर ड्वार्फ सॅजिटेरिया लाव, गवतासारखं दिसतं, कमी उजेडात जरा उंच होतं पण धावत पसरतं. आणि घरच्यांना नवीन लाइटसाठी इतक्यात त्रास देऊ नकोस, आधी हे सहा महिने सांभाळून दाखव मग माग, मिळण्याची शक्यता वाढते.

लिक्विड कार्बन आणि खत दोन्ही घालावं का? की सीओटूचं किट बसवू?

किट नको. साधारण हवेशी समतोल असलेल्या पाण्यात लिटरमागे अर्धा-एक मिलिग्रॅमच कार्बन डायऑक्साइड असतो, मासे आणि कुजणारा कचरा धरून दोन-तीनपर्यंत जातो, आणि किटवाले तो २० ते ३० वर नेतात. पण एवढा वापरायला तेवढा उजेडही हवा ना. कमी उजेडात झाडाची भूकच कमी असते.

लिक्विड कार्बन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ग्लुटराल्डिहाइड असतं, जे मुळात जंतुनाशक आहे. शेवाळावर चालतं हे खरं, पण व्हॅलिसनेरिया त्याने वितळते आणि मॉसलाही मानवत नाही. माझा सल्ला विचाराल तर मासे असलेल्या लो लाइट टँकला याची गरज नाही.

खत मात्र थोडं लागतं, मासे कमी असतील तर जास्त करून. सगळं असलेलं एक लिक्विड खत बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या किंवा पाव मात्रेत, आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. नंतर पानं बघून ठरवा. जुनी पानं पिवळी पडून जातायत तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि त्याभोवती पिवळं तर पोटॅशियम कमी, आणि नवीन कोवळी पानंच फिकट येतायत तर लोह. जुनं की नवीन हे बघणं महत्त्वाचं कारण नायट्रोजन-पोटॅशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह नाही देऊ शकत. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलत असाल आणि माशांना नीट खायला घालत असाल तर बऱ्याच जणांना यातलं काही दिसतच नाही.

शेवाळ! अनुबियसच्या पानांच्या कडेला काळे केस आलेत, काचेवर तपकिरी पावडर, आणि एका कोपऱ्यात निळसर हिरवा पापुद्रा. सगळं एकदम.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत त्यामुळे एकच औषध शोधू नका.

तपकिरी पावडर म्हणजे डायटम, नवीन टँकमध्ये येतातच, स्पंजने पुसा, काही आठवड्यांत आपोआप जातात. काळे केस म्हणजे ब्लॅक ब्रश अल्गी, हे चिवट. अनुबियसचं पान फार दिवस टिकतं म्हणून त्याच्यावर बसायला याला भरपूर वेळ मिळतो. जास्त भरलेली पानं सरळ कापा, अनुबियस लाइटच्या थेट खाली असेल तर बाजूला सावलीत हलवा, खाणं कमी करा आणि फिल्टर धुवा. बाहेरून काही ओतण्यापेक्षा हे हळूहळू जास्त काम करतं. निळसर पापुद्रा वास मारतो आणि चादरीसारखा उचलला जातो, तो खरं शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया म्हणजे उजेडावर जगणारे जीवाणू आहेत. नळीने ओढून काढा, मोठं पाणी बदला आणि तीन दिवस लाइट पूर्ण बंद, टँकवर चादर टाकून. लो लाइटवाल्या झाडांना तीन दिवसांच्या अंधाराने काही होत नाही, मासेही ठीक राहतात, फक्त हवेचा पंप चालू ठेवा कारण अंधारात झाडंही ऑक्सिजनच वापरतात.

खिडकीजवळ ठेवला टँक तर लाइटचा प्रश्न सुटेल ना?

थेट ऊन येत असेल तर एक प्रश्न सुटून दोन येतील, हिरवं पाणी आणि तापलेलं पाणी. उन्हाचे तास आणि जोर तुमच्या हातात नसतो. ऊन न येता नुसता उजेड येणारी खिडकी चालेल.

दुकानात टँकमध्ये ठेवलेलं लाल-पांढऱ्या पानांचं झाड आणलं, महिन्यात सडलं. पाण्यातच होतं तिथे!

दुकानात पाण्यात असलेलं प्रत्येक झाड पाणवनस्पती नसतं. लकी बांबू, सिंगोनियम, कॅलेडियम, स्पायडर प्लांट, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस, मोंडो ग्रास, ही सगळी कुंडीतली झाडं टँकमध्ये ठेवून विकतात. पाण्यात काही आठवडे ताजी दिसतात आणि मग सडतात, आणि लोकांना वाटतं आपला लाइट कमी पडला. ओळखायचं कसं, पाण्याबाहेर काढल्यावर झाड ताठ उभं राहत असेल, पानांवर पांढरे पट्टे किंवा मेणासारखा चकचकीत थर असेल तर शंका घ्या. अनुबियस याला अपवाद, तेही ताठच असतं. मनीप्लांट मात्र वेगळ्या पद्धतीने लावता येतो, मुळं पाण्यात आणि पानं पूर्ण बाहेर, टँकच्या मागच्या कडेवर. पानांना खोलीतला उजेड पुरतो, मुळं नायट्रेट ओढतात, टँकचा लाइट कितीही मंद असो.

गोल्डफिश सगळं खातात. काय टिकेल?

अनुबियस, जावा फर्न, दगडाला घट्ट बांधलेले. वाळूत काही लावू नका, उकरतात.

नवीन झाडांसोबत छोट्या गोगलगायी आल्या, आता शेकडो झाल्यात. झाडं खातात का? औषध टाकू?

या छोट्या गोगलगायी निरोगी पान सहसा खात नाहीत, सडकं पान, शेवाळ आणि माशांचं उरलेलं खाणं खातात. शेकडो झाल्या म्हणजे तुमचं खाणं जास्त पडतंय. गोगलगायींची बहुतेक औषधं तांब्याची असतात, त्याने कोळंबी मरते आणि बऱ्याच झाडांनाही त्रास होतो, म्हणून नकोच. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी चकतीसकट उचला, आठवडाभर रोज करा आणि खाणं निम्मं करा. पुढच्या वेळी झाड आणलं की टँकमध्ये टाकायच्या आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात १० मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यात दोनदा धुवा. अंडी चिकट जेलीच्या ठिपक्यासारखी पानामागे असतात आणि ती यातूनही वाचू शकतात, म्हणून प्रत्येक पान उलटून नखाने खरवडा.